राणीच्या माहेरचं

जाळ्यात कधीमधी कासव येतं.
ढिवर ते हातात धरून
घटकाभर तसाच उभा राहतो, कमरेइतक्या पाण्यात.
"राणीच्या माहेरचं," म्हणतो, सोडतो.
सोसायटीच्या वहीत रोहू, कटला, झिंग्यांचे किलो;
कासवाला रकाना नाही.

मी पाणकर. सात पिढ्या आमच्याकडे
तुडुमाची बुचं काढायचं नि लावायचं काम
(सातच म्हणायचं, त्यामागचं कुणाला मोजता येत नाही).

तिचं नाव जैतकुवर.
बाराव्या वर्षी डोंग्यातून आली, वैनगंगेपलीकडून,
सात देवांच्या घरची, सहा देवांच्या घरात.
आंदणात म्हशी, काशाची भांडी,
एक हत्तीण, जी वाटेतच मेली,
आणि ओटीत लपवलेली
बोटबोटभर दोन पिल्लं, कासवाची.
सासू बिरजाई हसली:
"कुळाचे आजोबा घेऊनच नांदायला आलीस का गं?"

थोरला हिरमन नवव्या वर्षी ओलीस गेला
एलिचपूरला, सुभेदाराच्या दारी.
अकरा वर्षांनी परतला. रेशमी अंगरखा, सफाईदार फारसी,
आणि आईने पुढे ठेवलेली आंबील
त्याने आधी हुंगून पाहिली.
सगुना दिली दूर, बस्तरच्या अंगाला;
तिचा निरोप नाही.
दलसू देवीच्या तापात गेला.
राजा केसरशा वाईट नव्हता.
शिकारीहून आला की तिच्या ओसरीवर पाय पसरायचा,
दुसरी राणी आणली तरी
काटे काढायला इथेच.

त्यानेच कोहळी बोलावले: तलाव बांधा,
खालची जमीन तुमची.
पाळ दोनदा फुटली.
तिसऱ्या साली पाळीच्या पोटातून
गढूळ पाणी झिरपायला लागलं,
आणि अंगात आलेला भूमक बोलला,
तलाव थोरलं लेकरू मागतो.

राजाने हिरमनकडे पाहिलं.
पाहिलं, इतकंच.

पुढचं दोन तऱ्हांनी सांगतात.
टोलीवर म्हणतात, राणीनेच उडी घेतली,
अवसेला पाण्याखालून बांगड्या वाजतात.
ऐकायला बरं वाटतं. बाया डोळे पुसतात.

आमच्या घरची गोष्ट चिखलाची आहे.
मध्यरात्री आली, एकटी, कासोटा घालून.
आमच्या मूळपुरुषाला, चैतूला, उठवलं:
"तुडुम उघड."
तो म्हणाला, धान निसवलाय, राणीबाई,
खाली राजाच्याच बांध्या आहेत.
ती म्हणाली,
"पान्याले वाट नाई देल्ली
त थो मुंडकं मांगते."

वरचं बुच काढलं. मग खालचं. मग त्याखालचं.
पाचवं फुगून बसलेलं,
तिथे तिनेच हात घातला, खांद्यापर्यंत.

उजाडलं तेव्हा पाळ उभी होती,
तलावाचा तळ उघडा,
आणि गडाखालचा सगळा धान आडवा.

त्या वर्षी राजाच्या ताटात कोदो.
शिक्षा कसलीच झाली नाही तिला.
फक्त राजा काटे काढायला
पुन्हा कधी तिच्या ओसरीवर आला नाही.
हिरमनही एलिचपूरला निघून गेला,
या वेळी कुणी न पाठवता.
वंशावळ वाचणारा भाट
या पानावर घोट घेतो पाण्याचा.

मागच्या साली पाटबंधारेवाल्यांनी
तुडुमाला लोखंडी दार बसवलं, चाकाचं.
साहेब म्हणाला, इथे बळी दिला होता म्हणे?
मी म्हटलं, साहेब, बाही वर करा,
पाचव्या भोकात हात घालून पाहा
बुचापर्यंत पोचतो का.
त्याने घड्याळ पाहिलं, निघून गेला.

चाकाला मी तेल घालतो.
परवा दाराशी एक कासव उलटं पडलेलं, पाय हलवत.
सुलटं केलं.
नदीकडे उतार होता, मोकळा.
ते थोडं थांबलं
आणि पाळ चढून
तलावातच गेलं.